आतली कडी

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर
मगदूम साहेबांनी बोलावलं होतं मला
कडी काढायला.
बसवायला नाही, काढायला.
तीस वर्षांत असं काम पहिलंच.

पोरगं अकरावीतलं, सम्यक नाव.
पुस्तकात मान घालून बसलेलं,
पान मात्र उलटत नव्हतं.
साहेब म्हणाले, दार लावून घेतो, काय करतो कळत नाही.
मी स्क्रू उलटे फिरवत होतो,
त्याचा अंगठा दाताखाली;
नखं कुरतडून पार मासापर्यंत.
मागे राहिली चार भोकं.
मजुरी शंभर; सुट्टे नव्हते, दीडशे दिले.

कडी पिशवीत तशीच राहिली.
आयर्विन पुलावर गाडी आदळली की
पटाशीला लागून वाजायची.

आमचं सांगलवाडीत, दोन खोल्यांचं.
आतल्या खोलीला दारच नाही,
सुताराच्या घरात!
जुन्या साडीचा पडदा आहे नुसता.
प्राजू आठवीत गेली तेव्हापासून
मी पडद्याशी खाकरतो.
एकदा म्हणाली, 'नको आत्ता.'
थोडा वेळ उभा राहिलो, मग
अंगणात जाऊन रंध्याचं पातं घासत बसलो.
रात्री ताटावर बसल्यावर सगळं सांगितलं तिनं.
सगळं म्हणजे, तिला वाटलं तेवढं.

मी काही शहाणा नाही.
गणितात नापास झाली तेव्हा
वही भिरकावली होती मीच, थेट गटारात.
अजून कधीकधी
माझ्या खाकरण्यानंसुद्धा दचकते.

दिवाळीनंतर मगदूम बाईंचा फोन.
'कडी परत बसवायचीय. हे हो म्हणालेत.'
का, ते विचारलं नाही.
पोरगं वाळलेलं.
टेबलावर गोळ्यांची पट्टी, निम्मी रिकामी.
साहेब दारात,
माझाच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन
कुणाला द्यावा कळत नसल्यासारखे.

जुन्या भोकात स्क्रू धरेना,
नुसता गरगर फिरायचा.
'नवीन भोकं पाडा की.'
म्हटलं, किती पाडणार साहेब, दार तेवढंच आहे.
काडेपेटी मागितली.
गुलं मोडून, काड्या फेविकॉलात बुडवून
भोकांत ठोकल्या.
एकेक काडी सम्यक देत होता.

कडी बसली. त्यानं लगेच हात घातला.
'थांब,' म्हटलं,
'आजची रात्र ओढू नको.
भरलंय, पण ओलं आहे.'

मान साहेबांनी हलवली.