नुसती मालकी

चौऱ्याण्णव पायऱ्या. मोजल्या,
कारण जिन्यासोबत आपण चढतो, भाव उतरतो.
लिफ्ट नाही : वजा पंधरा.
न्हाणीच्या छताला ओल : वजा चार.
खिडकीत जेनोवाचं बंदर, क्रेनच्या माना,
सार्डिनियाला निघालेली पांढरी बोट :
ह्याचे अधिक किती धरायचे
ते गल्लीतले मागचे तीन सौदे सांगतील.

बाई घर विकतायत. राहणं विकत नाहीत.
इरिदे कानेपा, वय एक्याऐंशी,
हयात असेतो इथंच.
भिंती माझ्या, भिंतींमधली हवा त्यांची.
किल्ली मला केव्हा, ते करारात लिहिलंय
एकही तारीख न घालता.

देल्फिनो मूल्यांकन करतो. त्याच्याकडे तक्ता आहे,
उभ्या रकान्यात वय, आडव्यात टक्के.
माणूस पिकत जातं तसं घर महागतं.
त्याच्या लेझरचा लाल ठिपका
कपाटावरून, येशूवरून, दारापर्यंत सरकला
आणि मध्येच बाईंच्या स्वेटरवर थांबला.
"जरा बाजूला होता?" तो म्हणाला.
झाल्या त्या बाजूला.
चार मीटर वीस.

मी तोवर दुसरं मोजत होते.
फडताळात औषधाच्या बाटल्या किती,
खोकला कोरडा की ओला,
कप उचलताना हात कापतो का.
दोरखंडाचं दुकान विकून आलेला पैसा आहे,
आंधळेपणानं कसा गुंतवू?
कॉफीत त्यांनी दोन चमचे साखर घातली,
माझा डोळा टिपून म्हणाल्या,
"साखर नाही हो मला. कसलीच नाही."
मी मान खाली घालून ढवळत राहिले
माझी बिनसाखरेची.

मग तुळस संपली म्हणून त्या खाली गेल्या.
आम्हाला वाटलं, अर्धा तास तरी.
देल्फिनोची बेरीज व्हायच्या आत परत,
हातात जुडी, श्वास जागच्या जागी.
मी अजून मघाच्याच चढणीचा घाम पुसत होते.
"दिवसातून दोनदा," त्या म्हणाल्या,
"लिफ्ट असती तर केव्हाच गेले असते मी."

आता ते वजा पंधरा
कुठल्या रकान्यात टाकू, देल्फिनो?
ज्यानं घर स्वस्त झालं
त्यानंच ते लांबवलं.
तो पेन्सिल चावत होता.

"तुमचं वय काय, सिन्योरा बिसिओ?"
एकोणसाठ, मी म्हटलं.
"आणि गुडघे?"
विचारताना त्या माझ्याकडे बघत होत्या
अगदी मी मघाशी
ओलीच्या डागाकडे बघितलं तशा,
सावकाश, कडा कुठवर पसरलीय ते धरून.
मला बसायला सांगितलं. खुर्ची पुढे केली.
रीत म्हणून, की हिशेब म्हणून,
कळलं नाही.

आकडा उद्या कळवते म्हणाले.
कठडा धरून उतरले, पुन्हा मोजत.
त्र्याण्णव भरल्या.
खाली दारात उभी राहून वर पाहिलं :
पाचव्या मजल्यावर एक हात
कुंडीतली माती दाबत होता.
एक पायरी कुठे राहिली ती बघायला
परत चढायचं धाडस
झालं नाही.