चलनावरचा फोटो

दुपारी चार बारा. विश्रामबाग चौक.
मशीन हातात तापलेलं, रोल संपत आलेला,
साहेबांनी सांगितलेले चाळीस, माझे झालेले एकोणतीस.
तिसावा तो.
"म्याडम, सोडा की.
सूर्य बुडायच्या आत जेवायचं असतं आमच्यात."
चारच वाजलेत बाळा, म्हटलं,
आणि क्लिक केलं.
हसत होता.
दंड होताना हसणारी माणसं मला आवडत नाहीत.
विनाहेल्मेट, पाचशे. चला, पुढचा.

रात्री पावणेबारा. पेठ रस्ता.
उसाची जोडट्रॉली, एक्सल तुटून उभी,
मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
चार दगड मांडलेले आणि वाढ्यांची एक पेंढी.
मुलाणी हवालदारांनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी.
डांबराच्या कडेपासून चाक: दोन मीटर वीस.
ब्रेकच्या खुणा: नाहीत.
हे 'नाहीत' लिहिताना मुलाणी दरवेळी
पेन झटकतात, शाई असली तरी.
पंच म्हणून पंक्चरवाला, आणि चहाच्या गाड्यावरचा पोरगा,
ज्यानं सही तीनदा गिरवली.

ट्रॅक्टरवाला पळाला नव्हता.
बीडकडचा, गहिनीनाथ.
चरीत पाय सोडून बसलेला.
रिफ्लेक्टर कारखान्यानं दिलते, म्हणाला,
ट्रॉली धुताना निघाले.
मग म्हणाला, दगड ठिवले व्हते ना बाई मी.
पुन्हा म्हणाला.
ॲम्ब्युलन्स गेल्यावरही म्हणाला.

मुद्देमाल:
मोबाईल एक, काच फुटलेली.
चप्पल एक, उजव्या पायाची.
हेल्मेट एक, नवे, काचेवरचे प्लास्टिक न काढलेले,
हँडलला अडकवलेल्या स्थितीत.
खिशात त्याची पावती, वेळ सायंकाळी पाच पन्नास.
म्हणजे जेवण चुकलं असणार.
याला रकाना नाही.

पंधरा दिवसांनी शाखेत आले
बाबगोंडा मगदूम, सम्मेदचे वडील.
हळदीच्या वखारीत तोलाईला असतात,
नखांच्या कडा पिवळ्या.
"पोराच्या गाडीवर दंड राहिलाय. भरायचाय."
असू द्या काका, साहेब म्हणाले, आता कशाला.
"नको. कुणाचं त्याच्याकडं ऱ्हायला नको."
नोटेला हळदीचा वास होता.
मशीननं पावती दिली, नेहमीसारखी,
खाली छापलेलं: सुरक्षित प्रवास करा.
मी तेवढं फाडून घ्यायला हवं होतं.

ते उठले नाहीत.
"मेसेजात फोटो आलाय एक. हसतोय बघा त्यात.
घरात हसरा एकपण नाही,
शाळेतले हायत ते तोंड आवळलेले.
मोठा करून मिळंल का?"

स्क्रीनवर काढला.
नंबरप्लेट लख्ख.
पोरगा थोडा हललेला, कडेला माझं बोट, अर्धं.
प्लेटसाठीच काढतो आम्ही,
चेहरा आला तर आला.
बोट कापून देते, म्हटलं.
त्यांनी चष्मा वर करून बघितलं, बराच वेळ.
"ऱ्हाऊ द्या. कापताना त्याचा कान जाईल."

आता हंगाम संपत आलाय.
संध्याकाळी नाक्यावर ट्रॉल्या अडवतो,
लाल पट्ट्या आम्हीच चिकटवतो.
उसाचा चिकटा, त्यावर धूळ, पट्टी धरत नाही;
मुलाणी आधी स्वतःच्या रुमालानं पुसतात,
मग तळहातानं दाबून उभे राहतात,
ताप आलेल्याच्या कपाळावर हात ठेवावा तसे.
काही सकाळपर्यंत टिकतात.

आणि दुपारी चौकात
मी भिंग बाहीला पुसते, बोट मागं घेते.
रुमाल खाली करा, म्हणते. गॉगल काढा.
लोक चिडतात.
"दंड करताय का लगीन जुळवताय?"
"पाचशेच घ्यायचेत न्हवं? घ्या की, सोडा."
मागं हॉर्न वाजत राहतात.
इकडं बघा, मी म्हणते.
हलू नका.