चि.

आळीच्या तोंडाशी जो फळा आहे
त्यावर मी लिहितो. एकतीस वर्षं झाली.
अक्षर बरं, दुकान समोरच, एवढंच कारण.
पाणी येणार नाही, वर्गणी द्या, बोळात गाडी लावू नका,
आणि अधूनमधून, खडू ओला करून, ठळक:
श्रीमती अमुक, वय ८८, वृद्धापकाळाने.
वृद्धापकाळाने हा शब्द माझा हात न बघता लिहितो.

बुधवारी पहाटे वडक्यांच्या सुहासने
केईएमहून फोन केला. म्हणाला, काका, लिहावं लागेल.
मग काहीच म्हणाला नाही.
फोन चालू होता. मागे कुणी स्ट्रेचर ढकलत होतं,
त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

रात्री अकराला ताप, पहाटे चारला संपलं.
एवढंच कळलं. अजूनही तेवढंच.

खडू घेतला तेव्हा लक्षात आलं, नाव माहीत नाही.
सगळे ठोक्या म्हणायचे.
चमच्याने घंगाळं बडवायचा, म्हणून.
बापूंना विचारलं, शकुताईंना विचारलं,
कल्हईवाल्या यासीनभाईंना. सगळ्यांचा ठोक्याच.
साडेसातला शाळेचे रिक्षावाले आले,
दोनदा हॉर्न वाजवला, नेहमीसारखा.
त्यांच्या यादीत होतं:
मोठा गट, अद्वय सुहास वडके.

चि. लिहिलं. हाताला सवय, बारशांची, मुंजींची.
चि. म्हणजे चिरंजीव.
पुसलं.
कै. लिहिलं. ते त्याला फार मोठं झालं,
बापाच्या चपला घालून उंबऱ्यात उभा राहिल्यासारखं.
तेही पुसलं.
मागे चार माणसं उभी. कुणी काही सुचवलं नाही,
ज्या आळीत माझी वेलांटी सुधारायला
येणारा-जाणारा थांबतो, तिथे.
नुसतं नाव लिहिलं. वय वर्षे साडेचार.
कारणाची जागा मोकळी सोडली.

गुरुजी म्हणाले, मुंज झाली नव्हती,
सुतक तीन दिवसांचं, तेही भावकीपुरतं.
आळीने ऐकून घेतलं.
सात दिवस एक हातोडी वाजली नाही.
बैठक नाही, फळ्यावर सूचना नाही.
बाणेरच्या हॉटेलवाल्याचे तांब्याचे दिवे अर्धे ठोकून पडलेले,
तो फोनवर ओरडायचा,
बापू म्हणायचे, बरोबर आहे साहेब, बरोबर आहे.
शकुताईंचा पिठल्याचा डबा वडक्यांकडून भरलेलाच परत आला.
त्यांनी तो धुतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला.
आणि मला एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की माझ्या दुकानातलं घड्याळ वाजतं.

आठव्या दिवशी दुपारी त्याची आई दारात आली.
म्हणाली, या वेळेला तो झोपायचा.
तुमच्या आवाजातच झोपायचा.
सुट्टीच्या दिवशी रडायचा.
पुढे बोलली नाही. आत गेली. दार उघडंच ठेवलं.

बापूंनी हातोडी उचलली. पहिला घाव चुकला,
पत्र्याच्या काठावर बसला.
दुसरा बसला नीट.
मग यासीनभाईंचा भाता, मग पलीकडचे दोघे.
जोरात कुणीच मारत नव्हतं.

काल पाणीपुरवठ्याची सूचना आली.
ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी गेलो.
खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, त्याच्या रेघोट्या,
माझ्याच डब्यातून पळवलेल्या खडूच्या.
एक गोल, गोलाला पाय. हत्ती असेल,
किंवा घंगाळं.
रोज पुसायचो. रोज ओरडायचो.

वरचं नाव पुसलं. तिथवरच.
गुरुवारी पूर्ण दिवस बंद, शुक्रवारी कमी दाबाने,
पाणी भरून ठेवावे,
सगळं वरच्या अर्ध्यात दाटीने बसवलं.
अक्षर बिघडलं.
भाड्याने नवीन आलेला एक मुलगा वाचत उभा होता.
म्हणाला, काका, खाली एवढी जागा आहे की.
म्हटलं, आहे.