तिसरी तार

औलूच्या इस्पितळाचं तळघर. रात्रीचे अडीच.
तुओवी स्विचसमोर उकिडवी बसलीय.
चार तारा एकत्र बांधलेल्या, हिशेबाला एक.
तिसरीचा दिवा थांबायलाच तयार नाही,
बाकीच्या तिघी मधूनच डोळा उघडतात.

केबल बदलली. पोर्ट बदललं.
घोडं तिथं पेंड खात नव्हतं.

वाटणी ठरते फक्त कुठं जायचं त्यावरून,
आणि सगळ्यांना गाठायचाय तोच एक राउटर.
कोण निघालं, कुठून, विचारतंय कोण?

ती निघणाऱ्यांचेही पत्ते धरायला लावते.
दिवे हलतात.
सारखे नाही. पण हलतात.

खिशात थरथर. आई.
भावंडं चार,
आईला नंबर पाठ हिचाच.

गुडघे धरून उठते.
"हं, बोल."