झोंबायलंय

सेलूला आज सात अंश.
रेडिओवर परभणी म्हणाले,
पण परभणी काय अन् सेलू काय,
थंडी एकाच पोत्यातली.

बाबांचा उजवा हात प्लास्टरात,
रेल्वे गेटापाशी स्कूटी घसरली तेव्हापासून,
अन् गालांवर अकरा दिवसांची करडई,
वाळलेली, पांढरी, काटेरी,
हाताला फडकं गुंडाळल्याशिवाय
जिच्यात कुणी शिरत नाही.

मोईनभाई दुकान टाकून घरी यायला तयार होते.
"चाळीस वर्षं गळ्यापाशी
दुसऱ्याचं पातं येऊ दिलं नाही," बाबा म्हणाले.
मग माझ्याकडं न बघता,
"तुला जमंल का?"

अंगणात उन्हाचा एकच पट्टा आला होता,
खाट ओढून तेवढ्यात बसवली.
पाणी तापवलं.
"कढत नको. कढत पाण्यानं गाल उलतेत."

म्हणजे ठाऊक होतं तर.
जिनिंगच्या वजनकाट्यावर पहाटे पाचला हजर राहणारा हा माणूस
बादलीतल्या गार पाण्यानं,
खिडकीत टेकवलेल्या आरशाच्या तुकड्यात
चार फटकाऱ्यांत दाढी उरकायचा,
वर तुरटीचा खडा,
वर स्वतःलाच दोन चापट्या.
"झोंबत नाही का हो?" मी विचारायचे.
"कशाला झोंबंल?"

पण गाल उललेले असायचे मार्गशीर्षभर,
राख फासल्यासारखे,
अन् हसले की ओठाच्या कडेला
रक्ताचा बारीक ठिपका.
म्हणून हसत नव्हते की काय,
हे आत्ता सुचतंय मला,
हातात ब्रश धरून.

फेस लावला.
कातडी ताणायला गालावर दोन बोटं टेकवली.
याआधी कधी टेकवली होती, आठवत नाही.
आशीर्वाद घेताना पायच येतात वाट्याला.

"केसांच्या कलानं."
"दाबू नको."
"कानाखाली जप, तिथं खड्डा हाय."
खड्डा होता.
छत्तीस वर्षं एका घरात राहून
मला ठाऊक नसलेला.
कशाचा, ते विचारलं नाही.
पातं हातात असताना माणसाला बोलवू नये.

वाटीतल्या पाण्यात पांढरे काटे तरंगायला लागले.
टॉवेल घेतला तर म्हणाले, "चोळू नको, टिप."
टिपलं.
तुरटी ओली करून फिरवली,
अन् नेमका तेव्हाच
भिंतीवरून वारा उतरला,
तुरीच्या रानातून आलेला, कोरडा, धारेचा.
बाबांनी डोळे मिटले.

"झोंबायलंय."

माझा हात तिथंच राहिला.
"काय म्हणालात?"
"झोंबायलंय म्हनलं की, बहिरी का काय!"

आत पळाले.
चुलीजवळच्या बाटलीतलं करडीचं तेल,
तळव्यावर तीन थेंब.
"ते भाजीचं हाय गं," आई म्हणाली.
असू दे.
गाल ओलसर आहे तोवर लावायचं,
म्हणजे ओल आत राहते अन् वारा बाहेर,
असं मोईनभाईंनी कालच
रस्त्यावरून ओरडून सांगितलं होतं,
अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं.

तळवे एकमेकांवर घासले, गरम केले,
अन् दोन्ही गाल धरले.
काट्याच्या झाडाचं तेल
काट्यांच्या जागी.
हळूहळू राख गेली.
खाली माणसाचा रंग होता,
गव्हाळ,
माझ्याच हातांचा.

"आता मला फोडणीचा वास यायलाय,"
बाबा म्हणाले
अन् हसले,
आधी बेतानं,
मग जरा जास्तच.
मी ओठाच्या कडेकडं बघत राहिले.

डाव्या कल्ल्याखाली चार काटे राहिलेत.
दिसले तेव्हा पाणी गार झालं होतं.
राहू देत.
उद्या.