पुठ्ठ्यावर दोन खळगे

इथे माणसाचं वजन दगडांत सांगतात.
नर्स काट्याकडे बघून म्हणाली, अठरा.
अठरा धोंडे!
ते सगळे घेऊन मी रोज पहाटे पावणेपाचला
हलच्या सपाट रस्त्यांवर पॅडल मारते,
कारण पहिली बस साडेसहाची
आणि बिस्किटांची भट्टी कुणासाठी थांबत नाही.

बारीक व्हायला नाही हो.
आधीच सांगून टाकते, कारण परतताना सिग्नलला
लोक गाडीची काच खाली करून अंगठा दाखवतात,
'छान, चालू ठेवा!'
जणू मी कसल्या परीक्षेला बसलेय
आणि हे पर्यवेक्षक.

सायकल जुनी, चाळीस पौंडांची, गुणाची.
सीट तेवढी वैऱ्याची.
अरुंद, टोकदार, करवंटीसारखी टणक.
तिसऱ्या मैलाला पाय बधिर,
भट्टीपुढे उभी राहिले की मुंग्या,
आणि घरी खुर्चीत बसताना तोंडातून निघणारा तो आवाज,
ज्यावर अच्युत टीव्ही बारीक करून विचारतो,
'काही म्हणालीस का?'

दुकानात काचेमागे चामड्याची एक होती, ऐंशी पौंड.
म्हणजे माझी एक अख्खी पाळी.
विकणारा पोरगा, नजर कुठे ठेवावी न कळून,
छताशी बोलत होता,
'मॅडम, तुमच्या... तुमच्या प्रकारच्या...'
मी त्याला नेमका शब्द पुरवला.
कानांपर्यंत लाल झाला बिचारा.

मग घेतली चौदा पौंडांची, ऐसपैस, आत जेल.
पहिल्या दिवशी सिंहासन.
चौथ्या दिवशी मांड्या सोललेल्या.
नुसती खोगीरभरती!
तिच्यावर शेजारच्या बाईंनी दिलेलं लोकरीचं आवरण चढवलं,
ते पावसात भिजलं,
आणि आठवडाभर मी ओल्या मेंढीवर बसून कामाला गेले.

मॉरीन ॲकरॉइड भेटली चर्चच्या तळघरात,
शनिवारी तिथे मोडक्या सायकली जोडतात.
सत्तरीची, जवळजवळ माझ्याच मापाची,
तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेली.
तिनं वजन विचारलं नाही.
केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पायरीवर ठेवला.
'बस. अशी नको, थोडी पुढे वाक. हं.'

उठले तर पुठ्ठ्यावर दोन खळगे.
लहानसे. जुन्या रुपयाएवढे.
मी बघतच राहिले.
माझ्या एवढ्या मोठ्या पसाऱ्याखाली
भार घेणारी हाडं दोनच,
आणि तीसुद्धा इतकी साधी,
त्या दुकानातल्या काटकुळ्या पोराचीही अशीच असतील.
मॉरीननं टेप धरली. साडेचौदा सेंटिमीटर.
'सगळे मांसच बघतात,' ती पुटपुटली,
आणि भंगाराच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

निघाली ती काळी, शिवण उसवलेली,
खाली दोन गंजक्या स्प्रिंगा,
अंगठ्यानं दाबली तर जेमतेम दबणारी.
साडेसात पौंड.
मी सवयीनं सात म्हटलं.
तिनं सहा घेतले
आणि माझ्या पिशवीतला तुटक्या बिस्किटांचा पुडा.
नळी दोन बोटं वर, टोक किंचित खाली,
पाना फिरवताना ती शीळ घालत होती.

अजून दुखतं थोडं, खोटं कशाला सांगू.
पण पुलाशी नदीवरचं वारं आडवं येतं
तेव्हा पूर्वी उतरून ढकलायचे, आता उतरत नाही.
दर खड्ड्याला स्प्रिंगा कुरकुरतात.
मी नाही.

पुठ्ठा मात्र टाकवला नाही.
स्वयंपाकघरात फ्रीजवर होता, पालथा.
काल पाहिलं तर अच्युतनं सुलटा करून
त्या दोन खळग्यांत
दोन लिंबं ठेवली होती.
हलत नव्हती अजिबात.