भरतीचं वेळापत्रक

इंदिरा डॉकचं दार मनाला येईल तेव्हा उघडत नाही,
पाणी चढलं की उघडतं.
बाबा सांगायचे हे, मी पाढे घोकत असायचे तेव्हा,
आणि मी विचारायचे,
भरती म्हणजे शाळेत नाव घालतात तीच ना?
टॅली क्लार्क माणूस. गोणी मोजता मोजता
हसायलाही वेळ काढायचा.

आता मी सत्तावीसची.
माझगावात एका सर्व्हेयरच्या हापिसात
जहाजं किती बुडालीत ते वाचते,
आणि पहाटे पावणेपाच ते सात
वडाळ्याच्या क्वार्टरमध्ये, ओट्यावर वही ठेवून
जीमॅट.

पहिली फेरी नऊ सप्टेंबरला बंद होते.
दुसरी जानेवारीत.
पहिलीत जागा जास्त, असं सगळे म्हणतात.
दुसरीत गुण जास्त, असं मीच म्हणते.
शेवटचा सराव पेपर सहाशे पंधरा,
हवेत सहाशे पंचाहत्तर.
मधले साठ कुठे राहतात ते कळलं असतं तर
एक किरकोळ रजा टाकून
घेऊन आले असते त्यांना.

तीस ऑगस्टला परीक्षा दिली
तर निबंधांना उरतात दहा दिवस.
आधी निबंध लिहावेत
तर परीक्षेला उरत नाही मी.

एका प्रकारच्या प्रश्नात उत्तर काढायचंच नसतं,
फक्त सांगायचं, दिलेली माहिती पुरेशी आहे का.
विधान एक: बाबा फेब्रुवारीत निवृत्त, मग क्वार्टर सोडायचं.
विधान दोन: शिफारसपत्र देणारे कॅप्टन मिस्किटा
ऑगस्टभर कांडल्याला.
एकेकटं पुरत नाही.
दोन्ही मिळूनही नाही.
पर्याय ई.
हल्ली हा पर्याय मला फार पटतो.

आई म्हणते, दोन डगरींवर पाय ठेवू नये.
आई, मी रोज तेच करते गं,
एक पाय लाँचमध्ये, एक शिडीवर,
पगार त्याचाच मिळतो.

निबंधाचा प्रश्न एका ओळीचा:
हे शिक्षण तुम्हाला आत्ताच का हवंय?
तीन रविवार मी 'आत्ताच' या शब्दापाशी बसून काढले.
चौथ्या रविवारी काम निघालं.
कोळशाचं जहाज, धक्क्यापासून लांब,
त्याच्या पोटावरचे पांढरे आकडे
लाटेत बुडत होते, वर येत होते.
पहिल्या वर्षी मी वाट बघत बसायचे
पाणी स्थिर व्हायची.
मिस्किटा ओरडले होते,
ते कधीच होणार नाही, पोरी!
वरचा आकडा घे, खालचा घे, मधला धर,
आणि सही कर.

हे मी निबंधात लिहिलं.
मग खोडलं, फार शहाणपणाचं वाटलं म्हणून.
मग परत लिहिलं.
रात्री मिस्किटांना मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा.
उत्तर नाही.
परीक्षेची फी भरून टाकली, तीस ऑगस्ट,
अर्जातला फेरीचा चौकोन
तेवढा रिकामा ठेवला.

बाबा अजून पेपरात आधी भरतीची वेळ बघतात.
"उद्या दुपारी दोन अकरा," म्हणाले चष्म्यावरून,
"चार मीटर वीस."
मी सवयीनं लिहून घेतलं.
अर्धवट सोडवलेल्या गणिताच्या समासात
ते अजून आहे,
आणि गणित
अजून तेवढंच सुटलंय.